विजयदुर्गावरचे साहेबाचे कट्टे : हेलियम नक्की कुठे सापडला?

किनारपट्टी

गेल्या मे महिन्यात देवगडला मावशीकडे गेलो होतो, तेव्हा लेकीला घेऊन विजयदुर्ग पाहून आलो. तटावरून वाघोटन खाडीचं मुख बघत बराच वेळ बसलो. नंतर किल्ला दाखवणाऱ्या दादांनी आम्हाला दगडी चौथऱ्यांपाशी नेलं. साहेबाचे कट्टे. कोणी ओटे म्हणतं. "१८ ऑगस्ट १८६८ ला लॉकियर साहेबानं इथंच दुर्बीण लावली आणि सूर्यावरचा हेलियम शोधून काढला," दादा म्हणाले. ऊर भरून आला. एक अख्खं मूलद्रव्य आपल्या कोकणातून जगाला मिळालं!

लेक सातवीत आहे. गड उतरताना तिने विचारलं, "बाबा, ऑगस्टमध्ये इथे सूर्य दिसतो का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मावशीच्या घरी श्रावणात चार-चार दिवस कपडे वाळत नाहीत, हे मी लहानपणापासून बघतोय. घरी आल्यावर वाचायला बसलो आणि महिनाभर त्यातच अडकलो. जे हाती लागलं ते इथे मांडतो.

१८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण खरंच भारतातून दिसलं. सावली एडनकडून आली, अरबी समुद्र ओलांडून दख्खनवरून गेली आणि मछलीपट्टणमजवळ बंगालच्या उपसागरात उतरून सयामकडे निघून गेली. निरीक्षक त्या पट्ट्यात ठिकठिकाणी पसरले होते. फ्रान्सचे पिएर जान्सेन गुंटूरला होते, मेजर टेनंट यांची ब्रिटिश तुकडीही तिथेच होती. मद्रास वेधशाळेचे नॉर्मन पॉगसन मछलीपट्टणमला. कॅप्टन हेग विजापूरला. रॉयल सोसायटीतर्फे लेफ्टनंट जॉन हर्शल जमखिंडीला, म्हणजे पटवर्धनांच्या संस्थानात. हे हर्शल म्हणजे युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शल यांचे नातू.

आणि नॉर्मन लॉकियर? ते लंडनमध्ये होते. युद्धखात्यात कारकुनी करत होते. त्यांनी सांगून ठेवलेला वर्णपटदर्शक, म्हणजे प्रकाशाचे रंग सुटे करून दाखवणारं यंत्र, बनवून मिळायला उशीर झाला आणि ऑक्टोबरमध्ये हाती आला. २० ऑक्टोबर १८६८ ला त्यांनी लंडनच्या आकाशात, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांच्या रेषा पाहिल्या. तिकडे गुंटूरला जान्सेन यांनी हीच गोष्ट ग्रहणाच्या दुसऱ्याच दिवशी, १९ ऑगस्टला सकाळी करून दाखवली होती, पण त्यांचं पत्र पॅरिसला पोचायला वेळ लागला. २६ ऑक्टोबरला फ्रेंच अकादमीच्या एकाच बैठकीत दोघांचा शोध वाचला गेला. फ्रान्सने पुढे दोघांचे चेहरे एकाच पदकावर कोरले.

तेव्हा विजयदुर्गावर लॉकियर आलेच नाहीत का? आले, पण तीस वर्षांनी. २२ जानेवारी १८९८ चं खग्रास ग्रहण बघायला त्यांनी मुद्दाम विजयदुर्ग निवडला. तोवर त्यांना 'सर' किताब मिळाला होता, वय साठीला टेकलं होतं. 'मेल्पोमीनी' या युद्धनौकेवरचे अधिकारी आणि खलाशी त्यांच्या मदतीला होते. त्या माणसांना दुर्बिणी, प्रिझमचे कॅमेरे, वेळ मोजणं, प्रभामंडळाची, म्हणजे ग्रहणात सूर्याभोवती दिसणाऱ्या पांढऱ्या पिसाऱ्याची, चित्रं काढणं अशी कामं वाटून दिली होती आणि त्यांची रोज तालीम चालायची. जानेवारीतलं स्वच्छ आकाश होतं. कट्टे त्या वेळचे असावेत असा माझा अंदाज आहे.

म्हणजे १८६८ आणि १८९८ या दोन ग्रहणांची लोकांच्या तोंडी एकच गोष्ट झाली. किल्ल्यावर दर १८ ऑगस्टला हेलियम दिन साजरा होतो, शाळेची मुलं येतात. ते व्हावंच. पण मुलांना खरी गोष्ट सांगावी, ती जास्त मोठी आहे असं मला कळकळीने वाटतं. हेलियम सापडला यापेक्षाही, सूर्य कशाचा बनलाय हे माणसाला घरबसल्या कळू शकतं हा त्या वर्षांतला खरा धक्का होता. त्याच्या जेमतेम तेहतीस वर्षं आधी, १८३५ मध्ये, ऑग्युस्त कोंत यांच्यासारख्या तत्त्वज्ञाने ठामपणे लिहिलं होतं की ताऱ्यांची रासायनिक घडण माणसाला कधीच कळणार नाही.

जाणकारांनी भर घालावी. चुकत असेन तर दुरुस्त करावं.

वाघोटनकाठ

तुमी सांगतास ता खरा आसात. माझो पणजो सांगायचो म्हणान आजो सांगायचो, साहेब बोटीन इलो, खलाशी घेवन इलो, नि सगळ्यांका काचेर काजळी धरून सूर्य दाखवल्यान. बोटीन इलो ह्या तुमच्या १८९८ शी जुळता.

आता सगळ्यांना कळावं म्हणून नीट लिहितो. आम्ही गावातली मुलं हेलियम दिनाला भाषणं करत मोठी झालो. वाचून आधी वाईट वाटलं. पण तुमच्या लेकीचा प्रश्न आमच्यापैकी कुणाला कसा पडला नाही? ऑगस्टमध्ये आमच्याकडे दोन-दोन दिवस समोरचं गिर्ये दिसत नाही. यंदाच्या कार्यक्रमात हे सांगता येईल का, ते मंडळींशी बोलून बघतो. जानेवारी १८९८ ची माहिती अजून असेल तर द्या.

एक विचारायचं होतं. १८६८ ची सावली विजयदुर्गावरून गेली की नाही?

किनारपट्टी

गेली! खग्रासाचा पट्टा दोनशे किलोमीटरहून रुंद होता, तुमचा किल्ला त्यात येतो. सकाळी साडेआठ-नऊच्या सुमारास. आणि पंचांगाच्या हिशेबाने तो दिवस श्रावण अमावास्येचा, म्हणजे पिठोरीचा. देशावर पोळ्याचा सण. ढग असले तरी अंधार पडलाच असणार. गावात कुणीतरी सकाळच्या वेळी दिवा लावला असेल, गोठ्यातली गुरं हंबरली असतील. त्याची नोंद कुठे सापडत नाही, पण त्या सकाळी तिथे असलेली माणसं माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत.

ढगांचा त्रास जमखिंडीच्या हर्शल यांनाही झाला. अधूनमधून फट मिळत होती, तेवढ्यात त्यांनी ज्वाळेच्या वर्णपटात तीन रेषा पाहिल्या : तांबडी, नारिंगी आणि निळी.

शाळामास्तर

धागा आवडला. एका ठिकाणी थांबवतो. 'जान्सेन आणि लॉकियर यांनी हेलियम शोधला' हे वाक्य पुस्तकांतून सर्रास येतं, पण त्या ऑक्टोबरच्या बैठकीत वाचला गेला तो शोध होता ग्रहणाशिवाय ज्वाळा बघण्याच्या युक्तीचा. हेलियमचं नावही तेव्हा नव्हतं. गोष्ट एका पिवळ्या रेषेची आहे, ती जरा बारकाईने बघू.

घरातल्या गॅसवर चिमूटभर मीठ टाका. निळी ज्योत क्षणभर पिवळीधमक होते. तो सोडियमचा रंग. रस्त्यावर पूर्वी असायचे ते पिवळे दिवे सोडियमचेच. वर्णपटदर्शकातून बघितलं तर त्या पिवळ्यात दोन रेषा अगदी खेटून दिसतात, तरंगलांबी ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर. फ्राउनहोफर यांनी १८१४ च्या सुमारास सूर्याच्या वर्णपटात पाचशेच्या वर काळ्या रेषा मोजल्या आणि ठळक रेषांना अक्षरं दिली, त्यात ही जोडी 'डी' ठरली. या रेषा का पडतात ते १८५९ मध्ये हायडेलबर्गला किरखॉफ आणि बुन्सेन यांच्या कामातून उलगडलं : प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठरलेल्या रंगांचा प्रकाश टाकतं आणि थंड असलं तर तोच प्रकाश गिळतं. म्हणजे सूर्यावर सोडियम आहे, लोखंड आहे. कोंत वारल्याला तेव्हा दोनच वर्षं झाली होती.

१८६८ ला ज्वाळांमध्ये एक तेजस्वी पिवळी रेषा दिसली, हर्शल यांनी नारिंगी म्हटली तीच. हर्शल, पॉगसन, सगळ्यांनी ती डीपाशी असल्याचं टिपलं आणि बहुतेकांनी सोडियमची समजून सोडून दिली. ग्रहणाच्या त्या पाच-सहा मिनिटांत, हात थरथरत असताना, नॅनोमीटरभराचा फरक कोण मोजणार? लॉकियर यांना मात्र युक्तीमुळे रोज, निवांत मोजता आलं. रेषा ५८७.६ च्या जवळ होती. सोडियमची नव्हती. पृथ्वीवरच्या कुठल्याच पदार्थाची नव्हती. रसायनशास्त्रज्ञ फ्रँकलंड यांच्याबरोबर त्यांनी प्रयोगशाळेत हायड्रोजन तापवून, दाबून पाहिला, रेषा काही येईना. मग ग्रीक सूर्यदेव हेलिऑस याच्या नावावरून हेलियम.

आता युक्ती. आमच्या दहावीच्या मुलांना हे सांगताना मला दर वेळी आनंद होतो. दिवसा ज्वाळा दिसत नाहीत, कारण निळ्या आकाशाचा उजेड त्यांना बुडवतो. पण आकाशाच्या उजेडात सगळे रंग आहेत. प्रिझमने तो जितका पसरवाल तितका पातळ होतो, जसं तेच वरण दहा ताटांत वाढलं की प्रत्येक ताटात थोडं येतं. ज्वाळेचा प्रकाश मात्र तीन-चार ठरलेल्या रंगांतच आहे. तो पसरत नाही, रेषा रेषाच राहते. प्रिझमवर प्रिझम लावत गेलं की आकाश विझत जातं आणि रेषा उठून दिसते. जान्सेन यांना ग्रहण चालू असतानाच हे सुचलं, कारण रेषा फार झगझगीत होत्या. पुढचे सतरा दिवस ते गुंटूरहून रोज ज्वाळा बघत होते.

सुमेधा_डोंबिवली

मास्तर, वरणाचं उदाहरण घरी सांगितलं, मुलाला लगेच कळलं.

एक शंका. हेलियम सूर्यात एवढा भरपूर आहे, तर फ्राउनहोफर यांच्या काळ्या रेषांत तो का सापडला नाही? ग्रहणाची वाट का बघावी लागली?

शाळामास्तर

सुमेधाताई, प्रश्न अगदी मर्मावर आहे. हेलियमचे इलेक्ट्रॉन फार घट्ट धरलेले असतात. ही पिवळी रेषा उमटायला अणूला आधी खूप वरच्या पायरीवर चढवावं लागतं आणि सूर्याच्या पृष्ठभागाचं साडेपाच हजार अंश तापमान त्याला पुरत नाही. तो तिथे असतो, पण गप्प असतो. पृष्ठभागाच्या वरच्या थरात आणि ज्वाळांत तो बोलतो, आणि तो थर फक्त कडेवर, ग्रहणात किंवा या युक्तीने दिसतो.

पृथ्वीवर तो सापडायला १८९५ उजाडलं. विल्यम रॅमसे यांना युरेनियमच्या एका खनिजातून निघालेल्या वायूत तीच पिवळी रेषा दिसली. सत्तावीस वर्षं 'सूर्यावरचा पदार्थ' म्हणून काहींनी चेष्टेवारी नेलेली गोष्ट काचेच्या नळीत येऊन बसली. लॉकियर विजयदुर्गावर आले ते या शाबितीनंतर तीनच वर्षांनी. वाघोटनकाठ, तुमच्या भाषणात हे जरूर घ्या.

जेऊरची_लेक

१८९८ चा विषय निघालाय म्हणून खास लॉगिन केलं. माझं माहेर करमाळा तालुक्यातलं जेऊर. आमच्या जेऊरला त्या ग्रहणासाठी जगभरची माणसं आली होती, हे मला लग्नानंतर, वयाच्या पस्तिशीत कळलं. आमच्या गावात याचा एक दगड नाही.

सावली त्या दिवशी विजयदुर्गाकडून वर चढत जेऊरवरून विदर्भात गेली आणि पुढे बक्सरकडे. जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल आले होते. आणि पुण्याच्या सायन्स कॉलेजातले प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला. हे नाव प्रत्येक मराठी शाळेत माहीत असायला हवं. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून त्यांनी पुण्यात वेधशाळा उभी केली, तिथे वीस इंची परावर्ती दुर्बीण होती, त्या काळी भारतातली सगळ्यात मोठी. १८९६ च्या ग्रहणासाठी ते नॉर्वेला जाऊन आले. जेऊरला खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटांची. तेवढ्यात वर्णपटाचे फोटो घ्यायचे, प्लेटा बदलायच्या. आणि दिवस कसले, तर प्लेगचे. मुंबई-पुण्यात माणसं मरत होती, गावं ओस पडत होती. त्यात ही माणसं माळरानावर तंबू ठोकून सूर्याकडे तोंड करून उभी होती.

ते निवृत्त झाल्यावर १९१२ मध्ये पुण्याची वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. अजून तिथे आहे.

विदर्भात तळणीला इंग्लंडच्या हौशी निरीक्षकांची तुकडी होती, त्यात वॉल्टर माँडर आणि ॲनी माँडर हे जोडपं. ॲनीबाईंनी स्वतः बेतलेल्या कॅमेऱ्याने प्रभामंडळाचा एक लांबच लांब किरण टिपला, तेवढा लांब त्याआधी कुणाच्या फोटोत आला नव्हता. ग्रिनिच वेधशाळेत त्यांना लग्न केल्यावर नोकरी सोडावी लागली होती. त्याच तळणीला जॉन एव्हरशेड नावाचे गृहस्थ होते. पुढे हेच कोडाईकनालला आले आणि १९०९ मध्ये सूर्यावरच्या डागांतून वायू बाहेरच्या दिशेने वाहतो हे त्यांनी दाखवलं. आज जगभर त्याला एव्हरशेड परिणाम म्हणतात.

माझी इच्छा आहे की जेऊर स्टेशनावर एक पाटी लागावी. ओळखीचं कुणी असेल तर सांगा.

किनारपट्टी

जेऊरची_लेक, हे वाचून अंगावर काटा आला. म्हणजे एकाच दिवशी विजयदुर्ग, जेऊर, तळणी. महाराष्ट्राच्या अंगावरून एक रेघ ओढावी तशी. मी हा नकाशा काढून लेकीच्या शाळेत देणार आहे.

जुनीवही

१८६८ च्या मागे काय होतं ते थोडं. ऋग्वेदाच्या पाचव्या मंडलात स्वर्भानू सूर्याला अंधाराने भेदतो आणि अत्री त्याला शोधून काढतात, अशी ऋचा आहे. ग्रहणाचं इतकं जुनं शब्दचित्र क्वचितच सापडेल. ग्रीसमध्ये ॲनॅक्सागोरस यांनी इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात म्हटलं की सूर्य हा पेलोपोनीसपेक्षा मोठा तापलेला दगड आहे, आणि या पाखंडासाठी त्यांना अथेन्स सोडावं लागलं. आपल्याकडे आर्यभटांनी ४९९ मध्ये स्वच्छ लिहिलं की चंद्र सूर्याला झाकतो आणि पृथ्वीची सावली चंद्राला. राहूचा त्यात संबंध नाही. ते शिकवत राहिलं गेलं, पंचांगं त्यावर चालली, आणि तरीही ग्रहण सुटताना दारावर 'दे दान सुटे गिऱ्हाण' ऐकू येत राहिलं. दोन्ही गोष्टी एकाच घरात शेकडो वर्षं नांदल्या. मला यात कुणाला नावं ठेवावीशी वाटत नाहीत. माझ्या आजीला ग्रहणाचं गणित येत होतं आणि ती लोणच्याच्या बरणीवर तुळशीचं पानही ठेवायची.

विल्यम हर्शल यांचा उल्लेख वर आला. त्यांनी १७९५ मध्ये असं मांडलं होतं की सूर्याचं आतलं अंग थंड आणि घन आहे, वर तेजस्वी ढगांचा थर आहे, डाग म्हणजे त्या ढगांतली भोकं, आणि आत वस्तीसुद्धा असावी. एवढा मोठा निरीक्षक, आणि पाच वर्षांनी सूर्यप्रकाशातली न दिसणारी उष्णता, अवरक्त किरण, त्यांनीच शोधली. म्हणून मला १८५९ ते १८६८ ही वर्षं महत्त्वाची वाटतात. तोवर सूर्याबद्दल कितीही हुशार माणूस कल्पनाच करू शकत होता.

कुलाबा_दांडी

१८५९ म्हटलं की आमचा कुलाबा आलाच. १ सप्टेंबरला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांना डागांच्या पुंजक्यावर दोन पांढरेशुभ्र झोत पाचेक मिनिटं दिसले. सुमारे सतरा तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ झालं, तारयंत्रं बिघडली. मुंबईत कुलाबा वेधशाळेत माणसं डोळ्याने बघून हाताने आकडे लिहीत होती. त्या नोंदींत चुंबकसुयांवरचं बल सुमारे १६०० नॅनोटेस्लाने (नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं माप) कोसळलेलं दिसतं. त्या वादळाची ताकद आजचे शास्त्रज्ञ मोजतात ती या वहीवरून. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून १९०४ मध्ये हे काम अलिबागला गेलं आणि अजून चालू आहे. सूर्य दूर बसून नुसता उजेड देत नाही, तो आपल्याला हलवतो, याचा लेखी पुरावा आपल्या शहरात आहे.

सुमेधा_डोंबिवली

पण मग सूर्य जळतो कशावर, हे कधी कळलं? मुलगा रोज विचारतोय आणि मी 'उद्या सांगते' म्हणतेय.

शाळामास्तर

सांगतो, पण ही गोष्ट लांब आहे आणि मला फार जवळची आहे.

कोळशाचा एवढा गोळा असता तर पाचेक हजार वर्षांत संपला असता, हा हिशेब एकोणिसाव्या शतकात झाला. मग हेल्महोल्ट्झ आणि लॉर्ड केल्विन म्हणाले, सूर्य स्वतःच्या वजनाने आकसतोय आणि त्यातून उष्णता निघतेय. त्यावरून सूर्याचं वय दोन कोटी, फार तर दहा कोटी वर्षं. इकडे डार्विन इंग्लंडमधली एकच दरी झिजायला तीस कोटी वर्षं लागली म्हणत होते. केल्विन यांच्या गणितात चूक नव्हती. सूर्याच्या पोटात दुसरं काही असू शकतं हे कुणाला माहीतच नव्हतं.

१९२० मध्ये दोन गोष्टी घडल्या. ॲस्टन यांनी केलेल्या अणूंच्या वजनांच्या मोजमापांवरून खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन यांनी सांगितलं की हायड्रोजनचे चार अणू मिळून हेलियमचा एक होताना शेकड्याला पाऊण टक्क्याच्या आसपास वजन गायब होतं, आणि तीच ऊर्जा असेल. म्हणजे विजयदुर्गाच्या गोष्टीतला हेलियम ही त्या चुलीतली राख! दुसरी गोष्ट आपल्या मेघनाद साहांची. सत्तावीस वर्षांचा हा ढाक्याजवळच्या खेड्यातला मुलगा. त्यांनी समीकरण दिलं की अमुक तापमानाला, अमुक दाबाला कुठल्या मूलद्रव्याचे किती अणू इलेक्ट्रॉन गमावतील. याचा अर्थ, वर्णपटात रेषा ठळक आहे म्हणून पदार्थ जास्त आहे असं म्हणता येत नाही. वर हेलियमचं सांगितलं तेच : असतो, पण बोलत नाही.

हे समीकरण हातात घेऊन हार्वर्डमध्ये सिसिलिया पेन या पंचवीस वर्षांच्या मुलीने ताऱ्यांचे जुने वर्णपट पुन्हा मोजले. तोवर सगळे मानत होते की सूर्य साधारण पृथ्वीसारख्याच मालाचा आहे, कारण लोखंडाच्या रेषा भरपूर दिसतात. पेन यांचं उत्तर आलं की हायड्रोजन धातूंच्या लाखो पट आहे. त्या काळचे सर्वांत वजनदार खगोलशास्त्रज्ञ हेन्री नॉरिस रसेल यांनी कळवलं की हे अशक्य आहे. १९२५ च्या प्रबंधात तिला स्वतःच्याच हाताने लिहावं लागलं की हे आकडे बहुधा खरे नाहीत. चार वर्षांनी रसेल स्वतः वेगळ्या वाटेने त्याच उत्तराला पोचले आणि त्यांनी तिच्या कामाचा उल्लेखही केला. पण लोकांच्या तोंडी बराच काळ रसेल यांचंच नाव राहिलं.

आज आपण सांगतो, सूर्य वजनाने सुमारे पाऊण भाग हायड्रोजन आणि पाव भाग हेलियम. हे वाक्य मी दर वर्षी फळ्यावर लिहितो आणि शेजारी साहा आणि पेन ही दोन नावं लिहितो. पुस्तकात ती त्या पानावर नाहीत.

सुमेधाताई, मुलाला सांगा : १९३८-३९ मध्ये हान्स बेथे आणि सहकाऱ्यांनी हायड्रोजनचं हेलियम कसं होतं त्याच्या पायऱ्या मांडल्या. दर सेकंदाला सुमारे साठ कोटी टन हायड्रोजन त्या चुलीत जातो आणि त्यातलं चाळीस लाख टन वजन उजेड होऊन बाहेर पडतं. चारशे साठ कोटी वर्षं हे चालू आहे.

मनोहरकाका

मी सोलापूरचा. १६ फेब्रुवारी १९८० ला आम्ही पाच मित्र घरच्यांना न सांगता गाडीने रायचूरला गेलो. सोलापुरात रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, दारंखिडक्या बंद. रायचूरला दुपारी उन्हाचा रंग बदलला. जुन्या पितळेसारखा झाला. पायाखालच्या मुरुमावर सावल्या थरथरू लागल्या. आणि मग अडीच मिनिटं. काळ्या चकतीभोवती पांढरा पिसारा, चारी बाजूंनी सारखा. कडेला एक गुलाबी-लाल ठिपका. तो डोळ्यांनी, भिंगाशिवाय दिसत होता. माझ्या शेजारचा मित्र रडत होता, मी पण.

आज हा धागा वाचताना समजलं की तो गुलाबी ठिपका म्हणजेच जान्सेन यांची ज्वाळा. चाळीसहून जास्त वर्षं मी ते चित्र मनात घेऊन फिरतोय. नाव आज मिळालं. शाळामास्तर आणि किनारपट्टी, दोघांचा ऋणी आहे.

विमाननगर_ते_औंध

काकांच्या पांढऱ्या पिसाऱ्याची भर. १८६९ च्या ग्रहणात त्या प्रभामंडळात एक हिरवी रेषा दिसली, ५३०.३ नॅनोमीटर. हेलियम जमून गेलेला, तेव्हा हेही नवं मूलद्रव्य समजून 'कोरोनियम' नाव पडलं. पण आवर्तसारणीत त्याला जागाच सापडेना. सत्तर वर्षांनी ग्रोट्रियन आणि एडलेन यांनी दाखवलं की ते आपलं साधं लोखंड आहे, तेरा इलेक्ट्रॉन गमावलेलं. म्हणजे तिथे तापमान दहा-वीस लाख अंश. पृष्ठभाग साडेपाच हजार, आणि वरचा विरळ पिसारा लाखांत! तो इतका का तापतो याचं पूर्ण उत्तर अजून कुणाकडे नाही.

इस्रोचं यान आदित्य एल-१ हे बघायलाच गेलंय. २ सप्टेंबर २०२३ ला निघालं, ६ जानेवारी २०२४ ला पंधरा लाख किलोमीटरवरच्या आपल्या जागी पोचलं. त्यातलं एक यंत्र स्वतःच चकती धरून कृत्रिम ग्रहण लावतं आणि त्याच हिरव्या रेषेत प्रभामंडळ बघतं. आणि सूर्याचं अतिनील चित्र घेणारी दुर्बीण पुण्यात, आयुका या खगोलसंस्थेत तयार झाली. नायगमवालांची वेधशाळा ज्या शहरातून हलली, त्याच शहरात.

वाघोटनकाठ

मंडळींशी बोललो. जुन्याजाणत्यांना आधी पटत नव्हतं. सावली १८६८ ला आपल्यावरून गेली, साहेब १८९८ ला आला, हेलियमची शाबिती मध्ये झाली, असं क्रमाने सांगितल्यावर एक आजोबा म्हणाले, "मगे दोन ग्रहणां झाली मां, एकाऐवजी!" या वेळच्या कार्यक्रमात जेऊर आणि तळणीचं नाव घ्यायचं ठरलंय. जेऊरची_लेक, तुम्हाला बोलवायचं आहे, संपर्कातून निरोप पाठवतो.

जेऊरची_लेक

येणार. नकाशा घेऊन येते. किनारपट्टी, लेकीला आणा.

वाळवंटातला_मराठी

जेद्दाहला नोकरी करतो, वाचनमात्र असतो. २ ऑगस्ट २०२७ चं खग्रास ग्रहण इथल्या डोक्यावरून जाणार आहे. जवळजवळ सहा मिनिटं अंधार, आणि ऑगस्टमध्ये इथे ढग नसतात. महाराष्ट्रात ते दुपारनंतर खंडग्रास दिसेल, पावसाने वाट दिली तर. ज्यांना यायचं असेल त्यांनी आत्तापासून ठरवा, माझ्या घरात चार माणसं सहज राहतील. पंचांग उघडून बघितलं. त्या दिवशी दिव्यांची अवस आहे.